चढावरच्या सह्या

लांबूच्या बायकोने त्याचा सदरा खुंटीवरून काढला, नाकाला लावला आणि दोनदा हुंगला. डिझेल, घाम आणि दगडाची धूळ. दारूचा वास नव्हता. ती थोडी निराशच झाली. दारू असती तर पैसे कुठे जातात ते तरी कळलं असतं.

"सापडलं का काही?" खाटेवरून लांबूच्या आईने विचारलं. म्हातारीचे डोळे अधू होते, पण घरात कोण कुठे नाक खुपसतंय ते तिला बरोबर कळायचं.

"धुवायला काढलाय."

"धुणं तर सकाळीच झालं."

बायकोने सदरा पुन्हा खुंटीला अडकवला. लांबू बाहेर पाय धूत होता. त्याचं पगाराचं पाकीट फळीवर डब्याखाली होतं आणि तिने ते तीन वेळा मोजलं होतं. चौथा महिना होता हा. दर महिन्याला पाकीट आधीच्यापेक्षा हलकं येत होतं आणि दर महिन्याला लांबूची मान आधीच्यापेक्षा खाली.

उन्हाळ्याच्या वाऱ्याने मागच्या खोलीचे चार पत्रे उडवून नेले होते. त्यातला एक शेजाऱ्याच्या शेतात दुमडलेला सापडला, तीन कुठे गेले ते वाऱ्यालाच ठाऊक. तेव्हापासून तिघं पुढच्या एका खोलीत झोपत. पत्रेवाल्याने चार पत्रे बाजूला काढून ठेवले होते आणि दर आठ दिवसांनी तो निरोप पाठवायचा की नेत नसाल तर दुसऱ्याला देतो. पाऊस दीड महिन्यावर आला होता.

लांबू आत आला तो सवयीने मान वाकवून. दरवाजा त्याच्या उंचीचा नव्हता.

"कमी का आलेत?" बायकोने विचारलं.

"कापले मुनीमने. गाडीला दंड झाला."

"गाडीला झाला तर गाडीच्या पगारातून कापावा."

म्हातारी खाटेवर खुदकन हसली. लांबूला हसू आलं नाही.

"मागच्या महिन्यात दंड, त्याच्या मागच्या महिन्यात दंड. एवढ्या गाड्या जातात त्या रस्त्याने. तपासणीवाल्यांना तुम्ही एकटेच दिसता का?"

"उंच आहे ना मी."

"मी उद्या येते गाडीत," ती म्हणाली.

"खाणीत? तू? लोक काय म्हणतील?"

"लोक पत्रे देणार आहेत का?"

ती पोल्ट्रीत कामाला होती. दिवसाला तीन हजार अंडी हाताखालून जायची, आणि फुटलेलं अंडं न फोडता ओळखायची सवय तिच्या बोटांना लागली होती. नवऱ्याकडे ती आता त्याच बोटांनी बघत होती. लांबूला राग आला. आपण काही चोरलेलं नाही, प्यायलेलो नाही, कुणा बाईकडे गेलेलो नाही आणि तरी आपल्याच घरात आपली झडती चालली आहे, याचा राग. पण तो बोलून दाखवायची सोय नव्हती. रागावलेला माणूस अधिकच चोर दिसतो.

सकाळी ती डबा घेऊन केबिनमध्ये चढून बसली. लांबूने सीटवरचं फडकं झटकलं, तर एवढी धूळ उडाली की दोघांनाही शिंका आल्या. खाणीच्या फाटकावर बाकीचे ड्रायव्हर बघत राहिले. एकाने शिट्टी वाजवली. "वहिनी, क्लीनरचा पगार मागून घ्या हं!"

"आधी ड्रायव्हरचा तर पुरा मिळू दे," ती म्हणाली. शिट्टीवाल्याने मान फिरवली. त्याचाही पगार पुरा मिळत नव्हता.

खाण म्हणजे एक मोठा खड्डा. तळाशी दगड फोडायचं यंत्र दिवसभर दात खात बसलेलं. तिथून रस्ता वळण घेत वर चढायचा, आणि चढाच्या ऐन मध्यावर, एका सपाट कोपऱ्यात, मुनीमची पत्र्याची खोली. लांबूने गाडी यंत्राखाली लावली. लोडरवाल्याने चार बकेट कच टाकली. कच म्हणजे दगडाची बारीक भुकटी, रेतीसारखी. तळाशीच काटा होता. काट्यावर वजन झालं. काटेवाल्याने खिडकीतून चिठ्ठी दिली.

बायकोने ती हातात घेऊन वाचली. सातवीपर्यंत शिकलेली होती ती, आणि शिकलेलं विसरू नये म्हणून मिळेल तो कागद वाचायची. "बरोबर भरलंय की. उलट दोनशे किलो कमीच आहे."

"थांब अजून," लांबू म्हणाला.

गाडी काट्यावरून पुढे गेली तर तिथे एक माणूस जाड पाइप घेऊन उभा होता. त्याने गाडीवर पाणी सोडलं. ते पाणी कच पीत राहिली. पाणी वरून टाकलं की आत गडप, खाली थेंब नाही.

"हे कशाला?"

"धूळ उडू नये म्हणून. रस्त्याकडेच्या वस्तीने तक्रार केली. धूळ उडाली की दंड. चार महिन्यांपूर्वी एका गाडीला धुळीचाच दंड झाला. तेव्हा मुनीम म्हणाला, यापुढे पाणी मारून न्यायचं."

"वजन झाल्यावर?"

"वजनाआधी मारलं तर काट्यावर माल कमी दिसतो ना. मालकाला माल विकायचाय, पाणी नाही."

बायकोने पाइपवाल्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग हातातल्या चिठ्ठीकडे. तिने चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

"ती मला लागेल," लांबू म्हणाला.

"मलाही लागेल."

चढ सुरू झाला. लांबूने गिअर टाकला आणि गाडी कण्हत वर निघाली. भरलेली गाडी या चढावर थांबवायची नाही, हा इथला पहिला धडा. थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो, आणि क्लच प्लेटचे पैसेही ड्रायव्हरच्याच माथी. पण मुनीमच्या खोलीत प्रत्येक भरलेल्या खेपेला रजिस्टरवर सही लागायची. त्यावर ड्रायव्हरांनी फार पूर्वी तोड काढली होती. रिकामी गाडी घेऊन खाली उतरणारा ब्रेक लावून आरामात थांबू शकतो. तेव्हा त्याने आत जायचं आणि समोरून भरून चढत येणाऱ्याची सही करायची. चढणारा नुसता हात दाखवून पुढे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मुनीम बघायचा आणि काही म्हणायचा नाही.

आताही समोरून रिकामी गाडी उतरत होती. काचेमागे स्टिअरिंगवर एकटा डावा हात दिसत होता. "डावऱ्या आला," बायको म्हणाली. तो तिचा धाकटा भाऊ. सगळं डाव्या हाताने करायचा, म्हणून डावऱ्या. त्याला या कामाला लांबूनेच लावलं होतं.

डावऱ्याने मुनीमच्या खोलीपाशी गाडी थांबवली, बहिणीला केबिनमध्ये बघून डोळे मोठे केले आणि ओरडला, "ताई! दाजींची नोकरी गेली काय? तू चालवतेस?"

"तू सही कर, जा!" लांबू ओरडला आणि गाडी न थांबवता वर गेला.

"कसली सही?"

"माझी. परत येताना रिकामा असेन तेव्हा त्याची मी करीन. चार महिने आमची जोडीच आहे."

"तुमची सही तो करतो? आणि त्याची तुम्ही?"

"सगळेच करतात."

"लिहिलेलं काय असतं वर?"

लांबूने आरशात बघितलं, हॉर्न वाजवला, वळण घेतलं. वर काय लिहिलेलं असतं ते त्याने कधी वाचलं नव्हतं. गाडीचा नंबर, खेप, डिझेल. आणि उजव्या बाजूला एक रुंद रकाना, बहुतेक वेळा कोरा. नंतर मुनीम त्यात काहीबाही लिहायचा.

मोठ्या रस्त्यावर तपासणीवाले उभेच होते. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आपल्या काट्यावर चढवली. सहाशे किलो जास्त. तपासणीवाला काही वाईट माणूस नव्हता. त्याने पावती फाडताना लांबूला पाणीसुद्धा विचारलं. लांबू म्हणाला, "पाणीच नको आता."

बायकोने पावती घेतली आणि पुन्हा पुन्हा वाचली. "यात तुमचं नाव नाही. गाडीचा नंबर आहे आणि मालकाचं नाव आहे. दंड मालकाला झालाय."

"कापतात माझे."

"तेच म्हणतेय मी. दंड त्याला, पाणी त्याचं, पाइप त्याचा. यात तुमचं काय आहे?"

"पाय आहे माझा, ॲक्सिलेटरवर."

एवढं बोलून त्याने दात काढले, पण तिच्या तोंडाकडे पाहून ओठ मिटले. घरी येईपर्यंत तिचा नवऱ्यावरचा संशय उतरला होता. उतरून तो गेला मात्र नाही, नुसता जागा बदलून मुनीमवर जाऊन बसला.

चार दिवसांनी ती त्याला घेऊन शहरातल्या कामगार कार्यालयात गेली. त्यासाठी दोघांचाही एक दिवसाचा रोज बुडाला. जिना चढताना लांबू दोनदा म्हणाला, राहू दे. तिसऱ्यांदा म्हणायला जागा उरली नाही कारण दार आलं.

आत अधिकारी बाई बसल्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, आणि वरच्या फाइलीवर अर्धा प्यालेला चहा. त्यांनी दंडाची पावती पाहिली, काट्याची चिठ्ठी पाहिली, चार महिन्यांची पाकिटं पाहिली. लांबू उभाच होता. बसा म्हटल्यावर तो खुर्चीच्या कडेवर टेकला, धुळीचे कपडे खुर्चीला लागू नयेत म्हणून. कपडे खरं तर धुतलेले होते.

"मालकाला कापता येतात का हो असे?" बायकोने विचारलं.

"वाटेल तसे नाही," बाई म्हणाल्या. "गाडी जास्त भरली तर दंड मालकाचा. ड्रायव्हरच्या पगारातून काही कापायचं तर त्याची चूक काय ते लिहून त्याला कळवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि चूक मान्य असल्याचं त्याने सही करून दिलं पाहिजे. एवढं करूनही पगाराचा ठरलेला छोटा हिस्साच कापता येतो. हे तर निम्मा पगार कापताहेत. तुम्ही काही लिहून दिलंय का?"

"नाही," लांबू म्हणाला.

"नक्की? कुठे सही?"

"मी कशावरच सही केलेली नाही, बाईसाहेब." हे बोलताना लांबूला वाटलं, आयुष्यात इतकं खरं आपण कधी बोललो नाही. पुढच्याच क्षणी त्याला चढावरचं रजिस्टर आठवलं.

बाईंनी अर्ज लिहून घेतला. पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. मालकाला नोटीस जाईल आणि रजिस्टर घेऊन यायला सांगितलं जाईल, असं म्हणाल्या.

नोटीस पोचली त्या दिवशी खाणीत कोणी लांबूला हात दाखवला नाही. रिकाम्या गाड्या समोरून उतरल्या आणि मुनीमच्या खोलीपाशी न थांबताच खाली गेल्या. लांबूला भरलेली गाडी चढावर थांबवावी लागली. त्याने हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड घातला, आत जाऊन सही केली, परत येऊन दगड काढला आणि क्लच जळल्याचा वास हुंगत गाडी उचलली. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. दोन दिवसांत प्रत्येक जण चढावर थांबून ज्याची त्याची सही करू लागला. पूर्ण खाणीत जळक्या क्लचचा वास भरला. दुपारी झाडाखाली डबा खायला सगळे बसायचे ते आता चार ठिकाणी बसू लागले. कोण कोणाच्या सह्या किती करत आलाय, याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मनात चालला होता, आणि समोरच्याने तो आधी मांडला तर आपलं काय, ही भीती प्रत्येकाला होती.

मुनीम हा लठ्ठ, सौम्य माणूस होता. तो कधी आवाज चढवायचा नाही. लांबूने रजिस्टर बंद केलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "हल्ली अक्षर बदललं तुझं."

लांबूने पेन खाली ठेवलं.

"चार महिने वेगळंच होतं. डावीकडे झुकलेलं."

सुट्टीच्या दिवशी डावऱ्या घरी आला. नेहमी तो येताच सरळ आत जाऊन माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घ्यायचा. आज दारातच बसला. बहिणीने पाणी आणून दिलं, त्याने दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवला.

"बायको कशी आहे?" म्हातारीने विचारलं.

"दिवस भरलेत. कधीही होईल."

"मग इथे काय बसलायस?"

डावऱ्याने लांबूकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "मुनीमने सांगितलं, दुसऱ्याच्या नावाची सही म्हणजे सरळ आत. सहा महिने."

"तो काहीही सांगेल," बहीण म्हणाली.

"त्या रुंद रकान्यात त्याने लिहिलंय, ताई. 'पाणी माझ्या मर्जीने मारले, चूक मान्य.' चार ठिकाणी. आणि शेजारी दाजींची सही. म्हणजे... मी केलेली."

बाहेर पोल्ट्रीची गाडी गेली, तिचे रिकामे ट्रे खडखडले.

"मग सरळ सांगू तसं," लांबूची बायको म्हणाली. "आधी सही, मागून मजकूर."

"आणि सही कोणाची, असं विचारल्यावर?" डावऱ्याने आता मान वर केली. "दाजी, माझं नाव घेणार तुम्ही?"

"नाही रे," लांबू म्हणाला. पण त्याला ते लागलं. या पोराला त्याने हाताला धरून गिअर टाकायला शिकवलं होतं. "तुला मुनीमने साक्षीला बोलावलंय म्हणतात. खरं का?"

"हो."

"काय सांगणार?"

"की सह्या तुमच्याच. माझ्यासमोर केल्यात."

"आणि माझे पैसे?"

"मग काय सांगू? मी केल्या म्हणून सांगू?" डावऱ्याचा आवाज चिरकला. "माझ्या नावापुढच्या सगळ्या तुम्ही केल्यात, दाजी. मी घेतलं का तुमचं नाव कधी? तुमचे चार पत्रे येतील म्हणून मी आत जाऊन बसू?"

"चोरावर मोर व्हायला निघालात दोघंही," म्हातारी खाटेवरून म्हणाली, "आणि खरा चोर तिकडे खुर्चीवर बसलाय."

डावऱ्या उठला. जाताना बहिणीला म्हणाला, "तू कोणाच्या बाजूने आहेस ते एकदा सांगून ठेव."

ती तांब्या उचलायला वाकली. तो गेल्यावर तिने तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि बराच वेळ तांब्या घासत बसली. लांबूने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, ही उद्या कोणाला वाचवेल, मला की भावाला? विचार येताच त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटूनही विचार गेला नाही.

तारखेच्या दिवशी अधिकारी बाईंच्या खोलीत पाच माणसं होती. टेबलासमोर एका बाजूला मुनीम, मांडीवर कापडात गुंडाळलेलं रजिस्टर. त्याच्या शेजारी डावऱ्या, इस्त्रीच्या सदऱ्यात. दुसऱ्या बाजूला लांबू. बायको भिंतीकडच्या बाकावर, तिला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. वर पंखा चालू होता आणि फाइलींचे कोपरे उडत होते.

मुनीमने रजिस्टर उघडून चारही ठिकाणी बोट ठेवलं. "ड्रायव्हरने चूक लेखी मान्य केली आहे, बाईसाहेब. आम्ही कायद्याबाहेर काही केलेलं नाही. हे साक्षीदार. यांचाच सख्खा मेहुणा आहे, परका नाही."

सख्खा हा शब्द त्याने जरा चघळूनच उच्चारला.

बाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. चष्मा वर-खाली करत चारही नोंदी वाचल्या. मग अर्जावरची लांबूची सही शेजारी धरली. "ही सही तुमची?"

"नाही," लांबू म्हणाला.

"चारही?"

"एकही नाही."

"मग कोणाची आहे?"

पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. लांबूला मेहुण्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याची कॉलर दिसली, त्यावरचा घाम दिसला. चार महिन्यांचे अर्धे पगार दिसले. उघडी मागची खोली दिसली. मुनीमच्या ओठांवरचं हसू दिसलं. त्याने श्वास घेतला.

"माझ्याही सह्या माझ्या नाहीत!" डावऱ्या खुर्चीतून उठून ओरडला. "माझ्या नावापुढच्या सगळ्या यांनी केल्यात, बाईसाहेब! आधी यांना विचारा! मी एकट्याने नाही केलं काही! सगळे करतात! रिकामा उतरणारा भरून चढणाऱ्याची करतो, गाडी चढावर थांबत नाही म्हणून! यांनाच आत टाकायचं तर टाका!"

मुनीमने त्याची बाही ओढली, पण उशीर झाला होता. डावऱ्या उभाच राहिला. लांबू त्याच्याकडे बघत राहिला. भिंतीकडे बायकोने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग दोघांना दोन कोरे कागद दिले आणि एकमेकांची नावं लिहायला सांगितलं. लांबूने डावऱ्याचं नाव लिहिलं, डावऱ्याने डाव्या हाताने लांबूचं. बाईंनी ते कागद रजिस्टरवर ठेवून पाहिले. पानं उलटली. मागे गेल्या, पुढे गेल्या. बराच वेळ गेला.

"मुनीमजी," त्या म्हणाल्या, "म्हणजे या रजिस्टरमध्ये ज्याची मान्यता आहे त्याची सही नाही, आणि ज्याची सही आहे त्याची मान्यता नाही."

"बाईसाहेब, यांनी खोट्या सह्या केल्या. मालक फिर्याद करतील."

"करू द्या. पण फिर्यादीत आधी लिहावं लागेल की या सह्या खोट्या आहेत. आणि खोट्या सह्यांवर तुम्ही पगार कापत आलात हेही. तुमच्या खोलीत, तुमच्या डोळ्यांसमोर झाल्या असणार त्या. लिहून देताय आत्ता?"

मुनीमने रजिस्टरवरचं कापड घडी करायला घेतलं. घडी नीट बसेना.

"रजिस्टर इथेच राहील," बाई म्हणाल्या. लांबूची कापलेली सगळी रक्कम परत द्यायची असा आदेश आठ दिवसांत निघेल, आणि बाकीच्या ड्रायव्हरांची कपात तपासायला त्या स्वतः खाणीवर येतील, असं त्यांनी सांगितलं. डावऱ्याला त्या म्हणाल्या, "तुमचेही कापलेत ना? अर्ज द्या."

डावऱ्याला ते कळलंच नाही. तो अजून अटक व्हायची वाट बघत होता.

जिन्यात मुनीम पुढे होता. न वळता, त्याच सौम्य आवाजात तो म्हणाला, "दोघांनीही उद्या गाडीच्या चाव्या ऑफिसात आणून ठेवा." आणि सावकाश एकेक पायरी उतरत निघून गेला.

बसमध्ये गर्दी नव्हती. बायकोने तीन तिकिटं काढली. डावऱ्या सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसला, खिडकीला डोकं टेकून. लांबू आणि ती पुढे बसले. शहर संपलं, दोन्हीकडे शेतं लागली, तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

"पत्रे येतील," शेवटी लांबू म्हणाला.

"येतील."

"चाव्यांचं काय करायचं ते बघू. दुसऱ्या खाणी आहेत."

"बघू."

"तू त्याला एका शब्दाने बोलली नाहीस," लांबूला राहवलं नाही. "माझं नाव घेतलं त्याने. सगळ्यांसमोर. मी त्याचं घेतलं नाही."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं तोंड उघडलं होतं. मी समोर बसले होते."

बसने खड्डा घेतला. लांबूचं डोकं वरच्या दांडीला लागता लागता वाचलं. त्याच्याजवळ उत्तर तयार होतं. माहीत नाही असं म्हणणार होतो मी. दोन शब्दांचं काम होतं आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने ते जिभेपर्यंत आणलंही.

"त्याचंच नाव घेणार होतो," तो म्हणाला. "तो आधी बोलला एवढंच."

ती जराही दचकली नाही. तिच्या खांद्यांतला ताठरपणा मात्र सुटला आणि ती सीटला टेकून बसली. पंधरा दिवसांत ती अशी टेकलेली त्याने पाहिली नव्हती.

"मग जा, त्याला सांगा तसं," ती म्हणाली. "तो तिकडे मेल्यासारखा बसलाय. त्याला वाटतंय, वाईट तो एकटाच."

लांबू उठला. मान वाकवून, दांड्या धरत, हलत्या बसमधून मागे गेला. डावऱ्याने त्याला येताना पाहिलं आणि खिडकीकडे सरकून अंग चोरलं. मारायलाच आला असं त्याला वाटलं असावं. लांबू शेजारी बसला. गुडघे समोरच्या सीटला टेकले.

"ऐक," तो म्हणाला. "मी पण तुझं नाव घेणार होतो. तू अर्ध्या श्वासाने आधी बोललास."

डावऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. बराच वेळ तो तोंडाकडे बघत राहिला, खरं-खोटं शोधत.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय," तो म्हणाला.

"नाही रे. खरंच घेणार होतो."

"ताईने पाठवलं तुम्हाला."

"तिने पाठवलं. पण घेणार होतो मी."

"तुम्ही नसतं घेतलं, दाजी. मला माहीत आहे तुम्ही कसे आहात." आणि एवढं बोलून डावऱ्या तोंडावर हात धरून रडायला लागला.

लांबूने त्याचा दंड धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पोटात काय आलं, तोंडात काय आलं, पत्रे कसे दिसले, मुनीमचं हसू कसं दिसलं, कुठलं अक्षर ओठांवर आलं होतं, सगळं. आपण काही चांगले नाही हे त्या पोराला पटवता पटवता गाव आलं, तरी त्याला ते पुरतं पटलं नव्हतं.